बटण दाबणे आणि चौकटीतील आकडा

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे शाळेच्या दिवशी १०० ग्रॅम तांदूळ धरला जातो. हजर मुलगे व हजर मुली यांचे आकडे दोन चौकटींत भरावे, बटण दाबावे आणि तांदळाचे वजन मिळावे, असे लहानसे वेबपान जावास्क्रिप्ट भाषेत कोणाही शिक्षकास रचता येईल. मात्र नवशिक्याच्या हातचे हे पान बहुधा भलतेच उत्तर देते. १२ मुलगे व ७ मुली भरल्यास १ किलो ९०० ग्रॅमऐवजी १२ किलो ७०० ग्रॅम तांदूळ निघतो.

याचे कारण असे की, चौकटीत लिहिलेले सर्व काही हाती येते ते अक्षरे म्हणूनच. मग ती चौकट खास आकड्यांसाठी ठेवलेली का असेना. अधिक चिन्हाने दोन संख्यांची बेरीज होते, परंतु दोन अक्षरमालांची केवळ जोडणी होते. १२ पुढे ७ चिकटून १२७ होतात. पुढे १०० ने गुणताना तीच अक्षरे मुकाट्याने संख्या बनतात व चुकीची खूणही उरत नाही. वजाबाकी करून पाहणाऱ्यास तर ५ हे बरोबर उत्तर मिळते आणि त्याचा गैरसमज अधिकच दृढ होतो! यासाठी प्रत्येक चौकटीतील मजकूर प्रथम 'नंबर' या फंक्शनमधून काढून घ्यावा व मगच बेरीज करावी.

आकडे वाचण्याची ओळ बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या आत असावी. ती बाहेर राहिल्यास पान उघडताक्षणीच, चौकटी कोऱ्या असताना, वाचन होऊन जाते. मुले येण्यापूर्वी हजेरी घेण्यासारखेच ते होय.

कोरी चौकट हा याहून नाजूक विषय आहे. 'नंबर' कोऱ्या मजकुराचे शून्य करते. मुलींचा आकडा भरावयाचा राहिला, तर पान निमूटपणे १ किलो २०० ग्रॅम सांगते आणि सात मुलींचा भात शिजत नाही. म्हणून चौकट कोरी असेल तेव्हा हिशेब न करता 'मुलींची संख्या भरा' अशी सूचना दाखवावी.

मजकुराच्या साध्या चौकटीत देवनागरी ७ लिहिल्यास 'नंबर' तो ओळखीत नाही. 'संख्या नव्हे' या अर्थाचे 'नॅन' हे उत्तर येते. मराठी शाळेतील मुलाने आपले अंक लिहिले, यात त्याचा दोष नाही. हिशेबापूर्वी देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक घालणारी ओळ पान रचणाऱ्यानेच लिहावयाची असते.