रुईच्या पानातले विष

बिबळ्या कडवा, म्हणजेच प्लेन टायगर, या फुलपाखराला संरक्षण देणारे मुख्य विष अळीच्या वयात रुईच्या पानांतून मिळते. चंद्रपूर, मूल, गडचिरोली या पट्ट्यात पडीक रानात आणि रस्त्याच्या कडेने रुई मुबलक आहे. तिच्या चिकात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात, त्यामुळे गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. कडव्याची मादी मात्र याच पानांवर एकेक सुटे अंडे घालते.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची ही अळी कशी खाते ते जवळून पाहण्याजोगे आहे. वाढलेली अळी आधी पानाची मधली शीर किंवा देठ कुरतडते. तिथून चीक ठिबकून जातो, पुढचे पान लोंबते आणि मग अळी तेच खायला घेते. चिकाचा पूर आला तर जबडे चिकटून बसतील, हा खरा धोका. पानात उरलेले विष तिला चालते, नव्हे, ते तिच्या अंगात साठत जाते. इतर बहुतेक प्राण्यांच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप या विषाने बंद पडतो. कडव्याच्या पंपातली मोजकी अमिनो आम्ले बदललेली असल्याने विषाची तिथे पकड बसत नाही. कोशात जवळजवळ सारे शरीर नव्याने घडते, तरी साठा टिकून फुलपाखरात उतरतो.

हा साठा पक्ष्यांपासून कसा वाचवतो हे पाहायला जीवशास्त्रज्ञ लिंकन ब्राउअर यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत याच कुळातल्या मोनार्क फुलपाखरावर प्रयोग केले. विषारी मोनार्क खाल्लेला ब्लू जे पक्षी ओकला आणि पुढे तसे फुलपाखरू दिसले तरी टाळू लागला. मात्र सगळे कडवे सारखे विषारी नसतात. अळीने कोणती वनस्पती खाल्ली यावर साठा ठरतो.

नर कडव्याची कमाई पंख फुटल्यावरही चालू राहते. सुकलेल्या भुरुंडी आणि खुळखुळा या वनस्पतींवर नर गोळा होतात व तिथली कडू अल्कलॉइड्स सोंडेने शोषतात. ती संरक्षणाला उपयोगी पडतातच, शिवाय त्यांपासून मादीला भुलवणारा गंधही तयार होतो.

रुईचा आधार घेणारा कडवा एकटाच नाही. रुईवरच वाढणारा निळा-पिवळा रंगीत टोळ पिल्लू असताना पकडला, तर पाठीतल्या ग्रंथीतून विषारी द्रवाची पिचकारी मारतो. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी मात्र रंगरूपाने हुबेहूब बिबळ्या कडवा असूनही निर्विष असते. तिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते. कडवा चाखून पस्तावलेला पक्षी तिलाही सोडून देतो. तिच्या नराला हे रूप नाही. तो काळा असून त्याच्या पंखांवर मोठे पांढरे ठिपके असतात.