गोळी कोणती, हा प्रश्न चाप ओढण्याआधीचा

सोलापूर - करमाळा तालुक्यात दहशत माजविणारा नरभक्षक बिबट्या १८ डिसेंबर २०२० रोजी वांगी परिसरातील केळीच्या बागेत ठार झाला. अकलूजचे डॉ. धवलसिंह मोहिते पाटील यांनी त्याला टिपले. त्यापूर्वी बीड, नगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत अनेकांचे बळी गेले होते. पिंजरे लावून झाले, भुलीच्या इंजेक्शनांची तयारी झाली, शेवटी गोळी घालण्याचा आदेश निघाला. त्या दिवसांत नेम आणि धाडस यांची पुष्कळ चर्चा झाली. मात्र अशा प्रसंगी बंदुकीत कोणते काडतूस असावे, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. जाणकारांच्या दृष्टीने निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

हौसेची शिकार आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली आणि ते योग्यच झाले. तथापि याच कायद्याच्या अकराव्या कलमाने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. माणसाच्या जिवावर उठलेले जनावर पकडणे वा भूल देणे शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक ते मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. दुसरी वाट पिकांची नासधूस करणाऱ्या काही प्राण्यांसाठी आहे. रानडुकरांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये परवानगीची पद्धत ठरवून दिली. म्हणजे कायदेशीर गोळी आजही अधूनमधून सुटते. ती चुकीची निघाली तर जनावर मरत नाही, जखमी होते, आणि उसाच्या फडात शिरलेले जखमी रानडुक्कर दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीला आलेल्या मजुरांच्या वाट्याला येते.

मोठी गोळी म्हणजे चांगली गोळी, हा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. गोळीने जनावर मरते ते धक्क्याने नव्हे, तर हृदय, फुप्फुसे किंवा मज्जारज्जू निकामी झाल्याने. त्यासाठी गोळीने दोन परस्परविरोधी कामे करायची असतात. एक, पुरेशी खोल जायचे. दुसरे, जाताना रुंद जखम करायची. गोळी फार कठीण असेल तर ती सुईसारखी आरपार निघून जाते आणि जनावर मैलभर पळते. फार मऊ असेल तर कातड्याखालीच फुटते; जखम वरून भयंकर दिसते, पण आतील अवयव शाबूत राहतात.

या दोहोंतून मार्ग काढण्यासाठी मऊ टोकाची गोळी वापरतात. तिच्यात शिशाचा गाभा, त्याभोवती तांब्याच्या मिश्रधातूचे कवच आणि टोकाला थोडे शिसे उघडे ठेवलेले असते. शरीरात शिरताच हे टोक भूछत्रासारखे उमलते आणि गोळीचा व्यास जवळजवळ दुप्पट होतो. संपूर्ण कवच असलेली कठीण गोळी मात्र उमलत नाही. हत्ती किंवा गव्यासारख्या जाड हाडांच्या प्राण्यांसाठी ती वापरली जात असे.

यात एक विसंगती दडलेली आहे. उमलणाऱ्या गोळीचा इतिहास कोलकत्याजवळच्या दमदम येथील दारूगोळा कारखान्याशी जोडलेला आहे. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत पूर्ण कवचाच्या गोळ्या शत्रूला थोपवत नाहीत, अशी इंग्रज सैन्याची तक्रार होती. तिच्यातून ‘दमदम’ गोळी जन्मली. तिने होणाऱ्या जखमा इतक्या भीषण होत्या, की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धातील तिच्या वापरावर बंदी घालणारा जाहीरनामा झाला. जी गोळी माणसावर झाडणे अमानुष ठरले, तीच जनावरावर झाडणे दयाळूपणाचे मानले जाते. कारण उघड आहे. सैनिक जखमी झाला तरी लढाईबाहेर जातो आणि त्याच्यासाठी डॉक्टर असतो. जखमी जनावराला दोन्ही नाही.

गोळीची निवड प्राण्याच्या शरीरावर ठरते. बिबट्या जेमतेम पन्नास-साठ किलोंचा, पातळ कातडीचा. त्याच्यासाठी लवकर उमलणारी गोळी हवी. रानडुक्कर बांध्याने निराळे. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर कूर्चेसारखे जाड कवच तयार होते आणि हृदय छातीत खाली, पुढच्या पायांच्या मागेच असते. तिथे हलकी, वेगवान गोळी फुटून वाया जाते. जड आणि मध्यम वेगाची गोळी काम करते. राधानगरीच्या जंगलातील गवा म्हणजे हजार किलोंच्या आसपासचे धूड. त्याचे गणित त्याहून वेगळे.

अमेरिकेतील जॉन नॉस्लर यांना हा धडा १९४६ मध्ये मिळाला. कॅनडात चिखलाने माखलेल्या एका मूस जातीच्या हरणावर त्यांनी झाडलेल्या गोळ्या खोल गेल्याच नाहीत. घरी परतून त्यांनी गोळीच्या मध्यभागी धातूची आडवी भिंत घातली. पुढचा भाग उमलतो, मागचा शाबूत राहून आत घुसत जातो. गेल्या काही दशकांत संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही आल्या. कारण शिशाचे बारीक कण मांसात राहतात आणि ते खाणारी गिधाडे विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे.

आपल्याकडे निवड किती?

सोलापूर जिल्ह्यातील परवानाधारकासमोर हे सारे पर्याय नसतात. सामान्यतः त्याच्याकडे बारा बोअरची बंदूक असते, किंवा पॉइंट ३१५ ची रायफल. या दुसऱ्या मापाची कथा खास हिंदुस्थानी आहे. लष्करी मापाच्या बंदुका खासगी हातांत जाऊ नयेत, कारण मग चोरलेली काडतुसे त्यांत चालतील, अशी इंग्रज सरकारला धास्ती होती. त्यामुळे लष्कराची पॉइंट ३०३ सामान्यांना बंद झाली आणि आठ मिलिमीटरची पॉइंट ३१५ पुढे आली. स्वातंत्र्यानंतरही हाच वारसा चालू राहिला. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ही रायफल बनते. तिची गोळी जड, म्हणजे २४४ ग्रेनची, सुमारे पावणेसोळा ग्रॅम भरते. वेग मात्र आजच्या मानाने बेताचा. शंभर मीटरच्या आत रानडुकरासाठी हे माप पुरेसे आहे. दोनशे मीटरवर गोळी बरीच खाली येते आणि अंदाज चुकतो. बारा बोअरच्या मोठ्या छर्ऱ्यांची मर्यादा याहून कमी. तीस-पस्तीस मीटरपलीकडे छर्रे विखुरतात आणि एखाद-दुसराच लागतो. जखमी जनावरे मागे राहतात ती बहुधा इथेच.

परदेशांतील शिकारी या अडचणीवर जो उपाय करतो, तो म्हणजे काडतूस स्वतः भरणे. काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी. झाडल्यानंतर पुंगळी फुगलेली पण शाबूत असते. ती स्वच्छ करून साच्यात दाबून मूळ मापावर आणतात, टोपी बदलतात, दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात आणि हवी ती गोळी ठरावीक खोलीवर बसवितात. एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग. यावरून हे काम सोनाराच्या काट्याचे आहे, हे ध्यानात यावे. पैसे वाचतात हा भाग गौण. प्रत्येक बंदुकीच्या नळीला एखादेच मिश्रण मानवते आणि ते शोधून काढता येते, हे खरे आकर्षण.

टोपीतही दोन घराणी आहेत. इंग्रज बॉक्सर याची टोपी अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन बर्डन याची युरोपात! बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीला मधोमध एकच छिद्र असते, म्हणून जुनी टोपी सहज ढकलून काढता येते. बर्डन पद्धतीत दोन बारीक छिद्रे असल्याने पुन्हा भरणे जिकिरीचे होते.

धोका अर्थातच मोठा आहे. दारू दुप्पट पडली तर नळी किंवा मागचा खटका फुटून झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो. याशिवाय उष्णता. दारू तापली की ती अधिक जोराने पेटते आणि नळीतील दाब वाढतो. युरोपच्या थंडीत बिनघोर वाटणारे मिश्रण सोलापूरच्या मे महिन्यात, चाळीस अंशांच्या वर, उन्हात उभ्या जीपमध्ये तापलेले असेल तर धोक्याच्या रेषेजवळ पोहोचते. इंग्रज काडतूसवाल्यांना हे ठाऊक होते. हिंदुस्थानासाठी ते कॉर्डाइट दारूचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवून वेगळी काडतुसे भरत असत. अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागार पाहताना जुन्या बंदुकांच्या नक्षीकडे नजर जाते. त्या आपल्या हवेत चालाव्यात म्हणून केलेला हा हिशेब कुठे दिसत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतात मात्र हा घरगुती उद्योग नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या संज्ञेत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनविण्याची यंत्रेही येतात. पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय त्यांची निर्मिती गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. बंदुकीचा परवाना हा काडतूस भरण्याचा परवाना नव्हे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कोकणातील पीक संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका पाहिल्या, की वाटते, ही एका परीने हातानेच भरलेली गोळी. नळीच्या तोंडातून दारू, चिंधी, छर्रे, सगळे अंदाजाने. तो अंदाजच तिची मर्यादा आहे.

खरा घातक प्रकार वेगळाच आहे. रानडुकरांसाठी पिठाच्या गोळ्यात स्फोटके भरून ठेवलेला गावठी बॉम्ब. त्यात नेम नाही, निवड नाही. डुकराचा जबडा उडतो आणि ते दिवसेंदिवस तडफडते. कधी तोच गोळा गाय किंवा कुत्रा चावतो. अशा प्रकारांना शेतकऱ्याचा नाइलाज म्हणणे सोपे आहे, पण रीतसर अर्ज करून मिळणाऱ्या परवानगीचा मार्ग उपलब्ध असताना ते पटत नाही.

परवानगी मिळाली तर करायच्या गोष्टी साध्या आहेत, तरी बहुधा राहून जातात. ज्या काडतुसांनी जनावर मारायचे, त्याच गठ्ठ्यातील काडतुसे आधी अधिकृत नेमबाजी मैदानावर त्याच अंतरावरून झाडून नेम तपासावा. कपाटात पंधरा वर्षे पडलेली काडतुसे घेऊन निघू नये. टोपी दमट झाली असेल तर चाप ओढल्यावर नुसता टिच आवाज होतो. तसा आवाज झाल्यास बंदूक लगेच उघडू नये, नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावे, कारण ठिणगी कधीकधी उशिरा पेटते. रायफलची गोळी आरपार गेली तर किलोमीटरहून लांब जाऊ शकते, म्हणून जनावरामागे मातीचा बांध किंवा चढ असल्याशिवाय झाडू नये. उसाच्या फडाआड वस्ती असते. आणि गोळी लागून जनावर फडात शिरले, तर त्याच अंधारात मागे न जाता वनरक्षकांना कळवावे व उजाडेपर्यंत त्या फडात कोणालाही उतरू देऊ नये.