जिभेची आग आणि ब-१२

दुकानातून घरी यावे, पानावर बसावे आणि पहिल्याच घासाला जीभ झोंबावी; आमटी नेहमीचीच, तरी तिखट लागावी. घरात ‘उष्णता वाढली’ असे निदान होते. गुलकंद निघतो, जिभेला तूप लावले जाते. चार दिवस बरे जातात, महिन्याभराने पुन्हा तेच. अशा वेळी आरशात जीभ पाहावी. तिच्यावरची बारीक खरखर जाऊन ती गुळगुळीत, लालभडक झाली असेल, ओठांचे कोपरे चिरत असतील, तर ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेची शंका घ्यावी.

जिभेवरील पेशी काही दिवसांतच झिजतात व नव्या येतात. त्या घडण्यास ब-१२ आणि फॉलिक आम्ल दोन्ही लागतात. म्हणून उणीव तोंडात उमटते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य झाल्या, तरी मूग-हरभरा फॉलिक आम्लाची कसर बऱ्याच अंशी भरून काढतात. ब-१२ मात्र धान्यात, डाळीत, भाजीत नसते. शाकाहारी घराला आधार दूध, दही, ताक, पनीर यांचाच. प्रौढास दिवसाला २ मायक्रोग्रॅमहून थोडे अधिक लागते. पाव लिटर दुधातून मिळते सुमारे १. चहातल्या दुधावर भिस्त ठेवणाऱ्याचा हिशेब येथेच चुकतो.

यकृतातील साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे दूध कमी केले तरी लगेच काही जाणवत नाही. भांडवल खाल्ले जात असते आणि तोटा उशिरा दिसतो. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, आम्लपित्ताची गोळी रोज घेणाऱ्यांत तर शोषणच घटते.

स्वतःच्या मनाने केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेणे धोक्याचे. रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विस्मरण. फार उशीर झाल्यास ही हानी पूर्णपणे भरून येत नाही. रक्ताची साधी तपासणी आधी करावी.

औषधाबाबत घरात संकोच असतो, तो अगदीच निराधार नाही. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून तयार होते. मात्र कॅप्सूलचे कवच अनेकदा प्राणिज जिलेटिनचे असते. डॉक्टरांना तसे सांगून साधी गोळी मागता येते.

जिभेची आग लोहाच्या कमतरतेनेही होते, बुरशीनेही. आणि दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याचा, जीवनसत्त्वाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावा.