घटक ६ : घरबसल्या भाषाव्यवसाय – अनुवाद आणि मुद्रितशोधन

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• घरातून करता येणाऱ्या भाषाव्यवसायाचे स्वरूप सांगता येईल.
• आपल्या श्रमाचे मोल हिशेबाने ठरवता येईल.
• अशा व्यवसायाचे लाभ आणि त्यासोबत येणाऱ्या भाषिक, कायदेशीर व आर्थिक जबाबदाऱ्या स्पष्ट करता येतील.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण प्रमाणलेखनाचे नियम आणि अनुवादाची तत्त्वे अभ्यासली. हे ज्ञान उत्तरपत्रिकेपुरते नाही. प्रकाशनसंस्था, नियतकालिके, जाहिरातसंस्था, बँका, सामाजिक संस्था या सर्वांना मराठी मजकूर अचूक लिहून, तपासून वा अनुवादून देणारी माणसे लागतात. यांतील बरेचसे काम आज घरी बसून केले जाते. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून शिकत आहेत. त्यांना हा मार्ग जवळचा वाटणे साहजिक आहे. मात्र ‘घरबसल्या’ या शब्दात एक फसवा सोपेपणा दडलेला आहे. काम घरात होते, म्हणून ते घरगुती ठरत नाही. या घटकात आपण त्याच्या दोन्ही बाजू पाहू.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ व्यवसायाचे लाभ

या व्यवसायाला भांडवल कमी लागते. संगणक, इंटरनेटची जोडणी, युनिकोड टंकलेखनाचा सराव आणि उत्तम शब्दकोश एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. दुकानाचे भाडे वा प्रवासखर्च नसतो. ज्या गावात प्रकाशनसंस्था नाही, तेथूनही काम करता येते.

दुसरा लाभ वेळेच्या स्वातंत्र्याचा. पहाटे दोन तास आणि दुपारी तीन तास अशी विभागणी तुम्ही करू शकता. तिसरा लाभ भाषेचा. विविध विषयांचे मजकूर बारकाईने वाचताना शब्दसंग्रह आणि वाक्यरचनेची जाण वाढते. म्हणजे व्यवसाय आणि अध्ययन एकमेकांना पूरक ठरतात. चौथा लाभ पतीचा. चोख काम करणाऱ्याचे नाव एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जाते. ही पत तुमची स्वतःची असते.

६.२.२ श्रमाचे मोल कसे ठरवावे?

नव्याने या क्षेत्रात येणारी व्यक्ती बहुधा दर ऐकते, तास मोजत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, २४० पानांच्या पुस्तकाचे मुद्रितशोधन तुम्ही पानाला २० रुपये दराने स्वीकारले. एकूण मोबदला ४,८०० रुपये. पहिल्या वाचनाला ताशी आठ पाने या गतीने ३० तास लागले. एवढाच हिशेब केला, तर ताशी १६० रुपये मिळाले असे वाटते. पण दुरुस्त्या झाल्यानंतर दुसरे मुद्रित येते. ते ताशी १६ पाने या गतीने तपासण्यास १५ तास लागतात. लेखकाशी बोलणे, शंकांची यादी करणे, देयक पाठवणे यांत आणखी तीन तास जातात. एकूण ४८ तास झाले आणि खरा मोबदला ताशी १०० रुपयांवर आला. वीज, इंटरनेट व संगणकाची झीज त्यातूनच भागवायची असते.

म्हणून काम स्वीकारण्यापूर्वी नमुन्याची पाच पाने मागवा, ती तपासून वेळ मोजा आणि मग दर सांगा. किती वाचने करायची, किती दिवसांत काम द्यायचे आणि पैसे केव्हा मिळायचे, हे लेखी ठरवा. साधा ईमेलही उपयोगी पडतो. ‘पुस्तक छापून आल्यावर पाहू’ अशा बोलीवर काम घेतले, तर तुमचे पैसे दुसऱ्याच्या छपाईच्या वेळापत्रकात अडकतात.

६.२.३ भाषिक जबाबदारी

मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक १४ नियमांना शासनाने १९६२ साली मान्यता दिली आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. हे १८ नियम तुम्ही अभ्यासले आहेत. व्यवसायात त्यांचे महत्त्व वेगळ्या प्रकारे जाणवते. पुढील दोन वाक्ये पाहा.

(अ) या व्यवहारास भावाची संमती आहे.
(आ) या व्यवहारास भावांची संमती आहे.

दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. फरक केवळ एका अनुस्वाराचा. अनेकवचनी सामान्यरूपावर प्रत्ययापूर्वी अनुस्वार येतो, या नियमामुळे पहिल्या वाक्यात एक भाऊ आहे, दुसऱ्यात एकाहून अधिक. जमिनीच्या कागदपत्राच्या अनुवादात हा अनुस्वार गळला, तर एखाद्या भावाची संमती कागदावरून नाहीशी होते. संगणकावरील शुद्धलेखन-तपासनीस अशी चूक दाखवीलच असे नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या दृष्टीने शुद्ध असतात. अर्थ पाहणारा माणूसच येथे हवा. त्यासाठीच तुम्हाला मोबदला मिळतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे मर्यादा ओळखणे. ललित लेखनातील बोलीरूपे प्रमाणभाषेत ‘सुधारणे’ हा मुद्रितशोधकाचा अधिकार नव्हे. शंका असेल तेथे समासात प्रश्न लिहावा, परस्पर बदल करू नये. तसेच विश्वासाने दिलेले हस्तलिखित इतरांना दाखवणे किंवा विनापरवानगी यांत्रिक अनुवादाच्या संकेतस्थळावर टाकणे हा विश्वासभंग होय.

६.२.४ कायदेशीर आणि आर्थिक जबाबदारी

प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीचा अनुवाद करण्याचा हक्क मूळ प्रताधिकारधारकाचा असतो. त्यामुळे अनुवाद प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगी आवश्यक ठरते. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर त्याच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून प्रताधिकारमुक्त आहे.

रीतसर केलेल्या अनुवादालाही स्वतंत्र संरक्षण मिळते. अनुवादाचे हक्क प्रकाशकाला द्यायचे असल्यास करार लेखी असावा लागतो. त्यात मुदतीचा उल्लेख नसेल, तर कायदा ती पाच वर्षे मानतो. हक्क कोणते, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले जात आहेत, हे वाचल्याशिवाय स्वाक्षरी करू नका.

व्यवसायाची ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन व विनाशुल्क होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि करार कसाही असला तरी ४५ दिवसांच्या आत, चुकते करावे लागतात. विलंब झाल्यास व्याज देय होते. मात्र ही नोंदणी काम सुरू करण्यापूर्वीच केलेली असावी.

सेवाव्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यास महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. आरंभी ही वेळ येत नाही. पण मोबदल्यातून उद्गम करकपात होऊ शकते, म्हणून प्रत्येक देयकाची प्रत जपावी आणि व्यवसायासाठी स्वतंत्र बँक खाते ठेवावे.

उत्पन्न सर्व महिन्यांत सारखे नसते, हेही ध्यानात घ्या. ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या अंकापासून सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपरा मुद्रितशोधकांना पावसाळ्याच्या उत्तरार्धात भरपूर काम देते. दिवाळी सरली की हे काम ओसरते. भरतीच्या महिन्यांतील काही भाग ओहोटीसाठी बाजूला काढणे हा या व्यवसायाचा मूलभूत नियम आहे.

६.२.५ घर आणि काम यांची सीमारेषा

कचेरीतील माणसाला कोणी भर दुपारी दळण आणायला पाठवत नाही. घरात काम करणाऱ्याला, विशेषतः स्त्रीला, ‘घरीच तर आहेस’ हे वाक्य वारंवार ऐकावे लागते. या वाक्यात कामाच्या जागेवरून कामाचे मोल ठरवले जाते. त्यावर रागावण्यापेक्षा व्यवस्था उपयोगी पडते. कोपरा लहान असला तरी जागा ठरलेली असावी, वेळ सर्वांना माहीत असावी आणि मिळकतीची नोंद कुटुंबासमोर असावी. उलट बाजूने, काम घरातच असल्यामुळे रात्री-अपरात्री मुद्रिते उघडण्याचा मोहही होतो. थकलेल्या डोळ्यांना अनुस्वार दिसत नाहीत. विश्रांती हाही गुणवत्तेचाच भाग आहे.

६.३ सारांश

घरबसल्या भाषाव्यवसाय कमी भांडवलात स्वातंत्र्य, पत आणि भाषेचे सखोल ज्ञान देतो. मात्र नोकरीत संस्था ज्या गोष्टी सांभाळते – दर, मुदत, हिशेब, कर, करार, कामाची वेळ – त्या येथे स्वतःलाच सांभाळाव्या लागतात. आपल्या नजरेतून निसटलेल्या चुकीची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागू शकते, ही जाणीव या व्यवसायाचा पाया आहे.

६.४ स्वाध्याय

१. ‘श्रमाचे मोल दरावरून नव्हे, तासांवरून कळते.’ स्वतःचे उदाहरण तयार करून स्पष्ट करा.
२. एका अनुस्वाराने किंवा ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलणाऱ्या वाक्यांच्या पाच जोड्या लिहा.
३. उपक्रम : एखाद्या वृत्तपत्राचे एक पान तपासा. लागलेला वेळ, आढळलेल्या चुका आणि त्यांची कारणे यांचा तक्ता करा.