स्क्रॅच कार्ड ते एम-पेसा : केनियाच्या ऊसपट्ट्यातली वर्षं

केनियात पोस्टमन घरी येत नाही. टपाल पोस्टातल्या क्रमांकाच्या पेटीत पडतं, आणि पत्ता म्हणजे पेटीचा नंबर नि गाव. मुमियासपासून मुहोरोनीपर्यंतच्या ऊसपट्ट्यात आपल्या साखरपट्ट्यातले शुगर केमिस्ट आणि इंजिनिअर नोकरीला जात आले आहेत. आम्हीही त्यातलेच. अख्ख्या कारखान्याची पेटी एकच, त्यामुळे घरचं पत्र आधी ऑफिसच्या गठ्ठ्यात जायचं आणि सवडीने आमच्या हातात पडायचं. लँडलाइन होती, पण तांब्याच्या तारांवर चोरांचा डोळा असायचा.

२००० नंतर मोबाइल पसरला आणि बघता बघता पाळीवरच्या प्रत्येक कामगाराच्या खिशात साधा नोकिया दिसू लागला. अनेकांच्या घरी वीज नव्हती. बाजारातला दुकानदार दहा-वीस शिलिंग घेऊन फोन चार्ज करून द्यायचा, कधी कधी चक्क गाडीच्या बॅटरीवर. स्क्रॅच कार्ड खरवडून बॅलन्स भरायचा आणि तो जपून जपून वापरायचा. मिस कॉलची कला आपल्याकडेही होती, पण तिथे तिला रीतसर शिस्त होती. पैसेवाल्याने उलटा फोन करायचा. साहेबाने कामगाराला मिस कॉल दिला, तर दिवसभर हसं व्हायचं. 'मला फोन कर' असा फुकटचा मेसेजही पाठवता यायचा. शिवाय 'सांबाझा' होतं, म्हणजे आपल्या बॅलन्समधला तुकडा दुसऱ्याच्या फोनवर पाठवायचा. गावाकडच्या भावाला असा बॅलन्स पाठवला की तो तिथे विकून रोख पैसे करायचा. फोनवरून पैसे पाठवायची वाट लोकांनी मोबाइल कंपनीच्या आधीच पाडली होती, असं माझं मत आहे.

मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीने एम-पेसा आणलं. त्याची चाचणी सूक्ष्मकर्जाचे हप्ते फोनवरून भरण्यासाठी झाली होती. लोकांनी त्याचा उपयोग केला तो घरी पैसे पाठवायला. बँकखातं नको, इंटरनेट नको, साधं सिम पुरे. बाजारातल्या हिरव्या टपरीवर रोख द्यायची, एजंट जाड वहीत ओळखपत्राचा नंबर लिहून सही घ्यायचा, दोघांच्याही फोनवर मेसेज वाजायचा. पगाराच्या दिवशी त्या टपरीपुढची रांग कारखान्याच्या गेटपर्यंत यायची. त्याआधी पैसे गावी जायचे ते मातातूच्या, म्हणजे खाजगी मिनीबसच्या, ड्रायव्हरच्या हाती पाकिटातून, नशिबावर हवाला ठेवून. मुलाची फी, म्हाताऱ्यांचं औषध, मयताची वर्गणी सगळं फोनवर आलं. वर्गणीला 'पैसे घरी राहिले' म्हणायची सोय तेवढी गेली.

डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर दंगल उसळली आणि किसुमू शहर पेटलं. दुकानं बंद, स्क्रॅच कार्डं संपलेली. त्या दिवसांत दुसऱ्या गावातल्या मित्राने पाठवलेला बॅलन्स भाकरीइतका मोलाचा होता. त्याच फोनवर भडकवणारे मेसेजही फिरले. जानेवारी २००८ मध्ये काही तरुणांनी 'उशाहिदी' ही वेबसाइट उभारली, हिंसेच्या बातम्या गोळा करून नकाशावर मांडण्यासाठी.

इंटरनेटचं थोडक्यात सांगतो. २००९ पर्यंत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला समुद्राखालची फायबर केबल नव्हती. सारं उपग्रहावरून, महाग आणि अडखळत. जुलै २००९ मध्ये सीकॉमची केबल सुरू झाली. तिचं एक टोक मुंबईला आहे. मग स्काइपवर आईचा चेहरा दिसू लागला. पुढच्या वर्षी भारती एअरटेलने झेन कंपनीचा आफ्रिकेतला कारभार घेतला, कॉलचे दर कोसळले आणि खिशात दोन सिम हा रिवाज झाला.

भारतात गावी सुट्टीवर आलो की पैसे पाठवायला बँकेत स्लिप भरावी लागे, तेव्हा गंमत वाटायची. आपल्याकडे व्होडाफोनने २०१३ मध्ये एम-पेसा आणून पाहिलं, २०१९ मध्ये गुंडाळलं. यूपीआय २०१६ मध्ये आलं, तेही बँकखात्यांच्या पायावर. केनियात टपरीच बँक झाली होती.

तिथे सगळं गोड झालं असं नाही. २०१२ मध्ये एम-श्वारी आलं आणि फोनवर कर्ज मिळू लागलं. महिनाभराच्या कर्जावर साडेसात टक्के शुल्क. मागून सट्ट्याची ॲप्स आली. ज्यांचा पगार हाती येण्याआधीच हप्त्यांत वळता व्हायचा, अशी पोरं तिथे सर्रास दिसू लागली. पैसे पाठवणं सोपं केलं ते उत्तम. कर्ज घेणं तितकंच सोपं करायला नको होतं.

आता कोणी तिकडे नोकरीला निघालं असेल, तर उतरल्या उतरल्या पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि एम-पेसा सुरू करा. 'चुकून तुम्हाला पैसे गेले, परत पाठवा' असा फोन आला, तर आधी स्वतःची शिल्लक तपासा. मेसेज बऱ्याचदा बनावट असतो. खरंच पैसे आले असतील तरी परस्पर परत करू नका. त्याला म्हणावं, तुझा व्यवहाराचा मेसेज ४५६ वर पाठव, कंपनी बघून घेईल.