जबड्यालाही विसावा हवा

श्रोतेहो, रागाला आपण ‘दातओठ खाणे’ म्हणतो आणि भीतीला ‘दातखीळ बसणे’. मनात काय चालले आहे ते जबड्यावर उमटते, हे आपल्या जुन्या माणसांनी पुरते ओळखले होते. पण राग गिळला, चिंता कुणाला सांगितली नाही, म्हणून जबडा थोडाच सैल पडतो! तो आवळलेलाच राहतो, आणि काही दिवसांनी कानापुढे ठणका लागतो. मग माणूस कानात तेल घालतो, नाहीतर चांगली दाढ उपटून घ्यायला निघतो. दुखणे असते तिसऱ्याच ठिकाणी.

ते ठिकाण आत्ताच सापडेल. दोन्ही हातांची बोटे कानाच्या भोकापुढे ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटांखाली हाड हलते ना? तो जबड्याचा सांधा. दाराच्या बिजागरीसारखा तो फिरतो, आणि तोंड मोठे उघडले की थोडा पुढेही सरकतो. मधे कूर्चेची पातळ चकती असते. आता बोटे गालावर, जबड्याच्या कोपऱ्याशी आणा आणि दात आवळा. टम्म फुगतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. तसाच दुसरा कानशिलावर असतो. म्हणून जबडा आखडला की डोकेही दुखते.

हे स्नायू फार जोरकस असतात, पण कामाच्या वेळेपुरते. निरोगी माणसाचे वरचे-खालचे दात जेवताना आणि गिळताना मिळून दिवसाकाठी अर्धा ताससुद्धा एकमेकांना टेकत नाहीत. बाकी सारा वेळ ते सुटे असायला हवेत. आपण काय करतो? पोते उचलताना दात आवळतो, ते खाली ठेवल्यावर सैल करायला विसरतो. गुरुजी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासतात, बाई सुईत दोरा ओवतात, कर्जाच्या हप्त्याची तारीख जवळ येते, आणि दातावर दात बसलेलाच. मूठ दिवसभर वळून ठेवली तर संध्याकाळी हात दुखणारच, जबड्याचेही तेच.

यावरचा पहिला उपाय फुकटचा आहे. ‘न’ हे अक्षर म्हणा आणि जीभ तिथेच राहू द्या. जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकलेले, दात सुटे, ओठ अलगद मिटलेले. ही जबड्याची विसाव्याची बैठक. एकदा करून भागत नाही. दिवसातून वीसदा आठवण व्हावी लागते. शिक्षकांना शाळेची घंटा आहेच. घंटा झाली की आपले दात सुटे आहेत का, ते पाहावे. शेतकरीबंधूंनी औत वळवताना पाहावे, भगिनींनी भाकरी उलटताना.

जोडीला शेक. गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके, किंवा तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी, आधी मनगटाला लावून पाहून, गालावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. नंतर बोटांनी गोल गोल हलकेच चोळावे. तेल कोणते, यावर वाद नको. ते बोट सरकण्यापुरते असते. दोनेक आठवडे फुटाणे, कडक भाकरी, दातांनी ऊस सोलणे बंद. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खावी. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरावी. डोक्यावरून हनुवटीला घट्ट फडके बांधण्याची रीत काही घरांतून दिसते. तिने दात आणखी आवळले जातात, ती सोडलेली बरी. तोंड उघडताना नुसते ‘कट्ट’ वाजत असेल आणि दुखत नसेल, तर औषधाचीही गरज नाही. आणि जांभईसरशी तोंड उघडेच राहिले, तर गावात कुणाकडून ओढून बसवून घेऊ नये, दवाखाना गाठावा.

बहुतेकांना एवढ्याने काही आठवड्यांत उतार पडतो. तीन-चार आठवड्यांनीही ठणका तसाच असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. पण एका दुखण्यासाठी दात घासून घेणे, काढून टाकणे, अशा परत न फिरणाऱ्या उपायांची घाई करू नये.

मुले झोपेत दात खातात, तेव्हा घरोघर ‘पोटात जंत झाले’ म्हणतात. याला पक्का आधार नाही. बहुतेक मुलांची ही सवय वयाबरोबर सुटते. जंतांची गोळी जरूर द्यावी, पण ती जंतांसाठी.

इथवर झाली ताणाची गोष्ट. पण तोंड न उघडणे म्हणजे दर वेळी ताण नव्हे, आणि इथे शेक देत बसलो तर माणूस हातचा जातो. जखम झाल्यावर, साधारण तीन ते एकवीस दिवसांत, जबडा ताठला, मान अवघडली, गिळता येईना, तर तो धनुर्वात असू शकतो. त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी याची लस सरकारी केंद्रात मिळते, ती चुकवू नये. तसेच चालताना, चढण चढताना जबडा किंवा डावा हात दुखू लागला, घाम सुटला, दम लागला, तर तो हृदयाचा इशारा समजावा आणि १०८ ला फोन करावा.

तिसरा रोग चोरपावलांनी येतो, आणि तो आपणच विकत आणतो. सुपारी, मावा, खर्रा, गुटखा तोंडात धरणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा हळूहळू निबर होते. आधी तिखट झोंबू लागते. मग गाल आतून पांढुरके दिसतात, बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात, आणि तोंड वर्षागणिक कमी उघडते. फारसे दुखत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ सालीच भारतीय रुग्णांमधील या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले होते. सत्तर वर्षे उलटून गेली, पण सुपारी काही सुटली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगाला कारण ठरवली आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मावा कुठे मिळतो हे मात्र शाळकरी पोरालाही ठाऊक असते. या रोगात तेल-शेकाने पट्टे सुटत नाहीत. सुपारी सोडली तर पुढची घसरण अडते. झालेला ताठरपणा सहसा पुरता जात नाही. म्हणून लवकर ओळखण्याला महत्त्व.

ओळखायचे कसे? आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी जुळवून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालावी. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर चौकशी करावी. ताणाच्या दुखण्यातही तोंड कमी उघडते, पण ते कमीजास्त होत राहते आणि स्नायू दाबला की दुखतो. सुपारीच्या रोगात मात्र ते कमीच होत जाते.

शिक्षकबंधूंनी ही तपासणी वर्गात जरूर घ्यावी. हात स्वच्छ धुवायला लावून प्रत्येक मुलाने आपापली बोटे घालावी, आणि किती गेली ते वहीत तारखेसह टिपून ठेवावे. दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा पाहावे. ज्याची बोटे कमी भरली त्याला चारचौघांत ‘सुपारी खातोस का रे?’ म्हणून विचारू नये. तो नाहीच म्हणणार. बाजूला घेऊन विचारावे, घरी कळवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तिथून मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात नेता येते.