बटणांचा फोन भंगारात देण्याआधी

नवा स्मार्टफोन घेतला की बटणांचा जुना फोन भंगारात जातो. महाड-पोलादपूरकरांनी तरी ही घाई करू नये. बाजारात पुढचं मॉडेल आलं म्हणून वस्तू कालबाह्य होत नाही. आपल्या गावात तिचं काम संपलं, की होते. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचं पाणी महाड शहरात शिरलं, महाड तालुक्यातल्या तळियेत आणि पोलादपूरच्या केवनाळे, साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या. वीज गेली, फोन लागेनात. स्मार्टफोन अशा वेळी दीड दिवसात मान टाकतो. साधा फोन वापर कमी असेल तर कितीतरी दिवस तग धरतो. नोकियाने २००३ मध्ये ११०० हा फोन आणला तो टॉर्च आणि धूळ न शिरणारा कीपॅड देऊन, आणि तो जगभर २५ कोटींच्या आसपास खपला. या गरजा आपल्याकडे आजही आहेत.

टॉवरच बंद पडला तर कुठलाच फोन उपयोगाचा नाही, हा आक्षेप खरा आहे. पण टॉवर परत सुरू होतो तेव्हा ज्याच्याकडे चार्जिंग उरलेलं असतं, त्याचाच निरोप आधी पोचतो. पैशांच्या व्यवहाराचं म्हणाल, तर मार्च २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’मुळे साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात. एक अडचण मात्र खरीच: जिओचं २जी नेटवर्क नाही, त्यामुळे त्यांचं सिम जुन्या २जी फोनमध्ये चालत नाही. तिथे ४जी कीपॅड फोन घ्यावा. आणि जुना फोन ठेवला असेल, तर पावसाळ्याआधी, म्हणजे जूनआधी, त्याची बॅटरी फुगली नाही ना, हे पाहावं.